अर्धा किलोचे महाराज

रोह्यात कुणी पोपटला "काय, बरं हाय ना?" असं विचारलं, तर तो "बरं" म्हणत नाही. "बरोबर हाय," म्हणतो. बरं म्हणजे अंदाजपंचे, आणि अंदाजपंचे या शब्दाशी पोपटचं जुनं वैर. भाजीत मीठ किती घातलंस असं तो बायकोला विचारतो, आणि ती "चिमूटभर" म्हणाली की "कुणाची चिमूट?" असा पुढचा सवाल टाकतो. बायजाबाईंनी एवढी वर्षं हा माणूस सहन कसा केला, हा प्रश्न अख्ख्या आळीला पडलेला आहे. बायजाबाईंनाही तो अधूनमधून पडतो, पण कामाच्या गडबडीत त्या विसरून जातात.

धंदा काटे दुरुस्तीचा. पोती तोलणारे मोठे काटे पोपटकडे येत नाहीत. त्यांचे मेकॅनिक वेगळे आणि त्यांची ऐटही वेगळी. पोपटकडे येतात ते छोटे, डब्याएवढे, बटणाचे. सुकट विकणाऱ्या बाईचा, घरी केक करणाऱ्या पोरीचा, मसाल्याची पाकिटं भरणाऱ्या बचत गटाचा. पिठाची गिरणी आणि मोबाइलचं दुकान यांच्यामध्ये एक फट होती, तिला त्यानं शटर बसवलं आणि तिलाच तो दुकान म्हणतो. आत एक माणूस बसू शकतो. गिऱ्हाईक आत आलं तर पोपटला उभं राहावं लागतं, आणि उभा राहिला की त्याचं तोंड जास्त चालतं.

पण कामात हुशार, हे मान्य करायलाच हवं. काट्याला कायकाय होतं ते सगळं त्याच्या हाताखालून गेलं आहे. एकीचा काटा आपोआप आकडे वाढवायचा. उघडला तर आत मुंग्यांनी संसार थाटलेला. एकाचा काटा सकाळी शहाणा आणि दुपारी वेडा; तो दुपारी पंख्याखाली ठेवला जायचा, वाऱ्यानं आकडा नाचायचा. एका बाईनं तर काट्यावरच चपात्या लाटल्या होत्या आणि "वजन थांबत नाय" म्हणून रडत आली होती. अशा प्रत्येकाला पोपट काटा परत देताना एक वाक्य ऐकवायचा. "काटा स्वतःहून खोटं बोलत नाय. कोनतरी त्याला शिकवतं." हे वाक्य रोह्यातल्या बहुतेक छोट्या दुकानदारांना पाठ झालं होतं, आणि ते पोपट बोलायच्या आधीच बोलून टाकायचे. पोपट तरीही पुन्हा बोलायचाच.

आता महाराजांविषयी सांगायला हवं. महाराज म्हणजे पितळेचं वजन, अर्धा किलोचं. काटा दुरुस्त झाला की शेवटी त्याला खऱ्या वजनाची ओळख करून द्यावी लागते. बटण दाबून धरायचं, पडद्यावर आकडा लुकलुकायला लागला की त्यावर बरोबर तेवढं वजन ठेवायचं, मग काटा मनाशी म्हणतो, अच्छा, म्हणजे पाचशे ग्राम हे असं असतं तर. पोपटच्या हातून हा धडा देणारे ते महाराज. त्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादानं जाताना ते त्याच्या हातात ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, "याला जपशील तर उपाशी मरनार नाय." पोपटनं ते फारच मनावर घेतलं. वजन त्यानं थेट देवघरात नेऊन बसवलं, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध. दर गुरुवारी बायजाबाई चिंच आणि राख घेऊन देव घासायला बसल्या की पोपट शेजारी पाट मांडून महाराजांना घासायचा. बायकोला हात लावू द्यायचा नाही. चिंच, मग राख, मग लिंबाची साल, मग पुन्हा राख, असं लख्ख करायचा की तोंड दिसावं. वजनावर पूर्वी खोल अक्षरात काहीबाही कोरलेलं होतं. ते आता पुसट झालं होतं, पण चकाकी अशी की गिऱ्हाइकाचे डोळे दिपायचे. ज्या भक्तीनं पोपट महाराजांना घासायचा तिच्या निम्म्या भक्तीनं त्यानं बायकोची विचारपूस केली असती, तर घरात फार शांतता नांदली असती.

प्रवासात महाराज करिश्माच्या लहानपणीच्या झबल्यात गुंडाळलेले असत. करिश्मा ही पोपटची एकुलती एक मुलगी. महाराजांवर या घरात हात टाकायची हिंमत तिनं एकटीनंच केली होती. शाळेत नुकतं नाव लिहायला शिकली तेव्हा तिनं दाभण घेऊन महाराजांच्या बुडाला भला मोठा 'क' कोरला होता. पोपटनं तिला एक फटका मारला, मग रात्रभर त्यालाच झोप आली नाही, आणि सकाळी त्यानं तिला जिलबी आणून दिली. तो क तसाच राहिला.

अलीकडे पोपटची एक तक्रार होती. नवे काटे खोटे येतात. कुणीही नवा काटा आणला की पोपट त्यावर महाराज ठेवायचा आणि काटा तीनचार ग्राम कमी दाखवायचा. "बगा, पेटीतनं काढला नि खोटा!" असं म्हणून तो काटा सेट करून द्यायचा. सगळे नवे काटे एकाच बाजूला, तेवढ्याच फरकानं कसे चुकतात, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही. कंपन्यांना शिव्या घालण्यात जी मजा आहे ती असल्या प्रश्नात नाही.

करिश्माचं लग्न पेणला झालं. जावई नितेश कंपनीत शिफ्टला जातो, शांत मुलगा. सासू मात्र विमलबाई. विमलबाईंचे उडदाचे पापड. पेणमध्ये पापड करणाऱ्या बायका पुष्कळ, पण विमलबाईंच्या पापडाचं पाकीट कुणी परत तोलून घेत नसे. ठाण्याचा एक दुकानदार वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच खोकी मागवायचा आणि न उघडता फळीवर लावायचा. करिश्मा घरात आली आणि तिनं सासूच्या मागे लागून जुना तराजू माळ्यावर चढवला, लोखंडी वजनं भंगारात घातली आणि डिजिटल काटा आणला. "माझे बाबा या कामातले राजे हायत," असं तिनं अंगणातल्या सगळ्या लाटणाऱ्या बायकांना अभिमानानं सांगितलं होतं. हे वाक्य पुढे तिला फार महागात पडलं.

उन्हाळ्यात पापडांचा हंगाम ऐन भरात असताना तिचा फोन आला. "बाबा, आकडा थांबतच नाय. चारशे ऐंशी, पाचशे वीस, नाचत ऱ्हातो."

पोपट दुसऱ्या सकाळच्या गाडीनं निघाला. मांडीवर झबल्यात महाराज. निडीच्या स्टेशनात चढलेल्या एका बाईनं "किती महिन्यांचं?" म्हणून कौतुकानं विचारलं, तेव्हा "अर्ध्या किलोचं" असं सांगून त्यानं तिला नागोठण्यापर्यंत गप्प केलं.

पेणला पोचून त्यानं काम केलं ते अगदी नेटकं केलं, यात शंका नाही. आधी पंखा बंद करायला लावला. आकडा निम्मा शांत झाला. मग काट्याखालचा पाट हलवून बघितला. पाट लंगडा होता, त्याला पुठ्ठ्याची घडी लावली. मग ताटली उचलली, तर तिच्याखाली पिठाची वाळलेली गोळी अडकून बसलेली. ती त्यानं टाचणीनं काढली आणि सगळ्या बायकांना फिरवून दाखवली. काटा स्थिर झाला. विमलबाईंनी खूश होऊन त्याच्यासमोर डांगराच्या, म्हणजे पापडाच्या कच्च्या पिठाच्या, तेल लावलेल्या लाट्या ठेवल्या. शहाण्या माणसानं त्या खाल्ल्या असत्या आणि घरी गेला असता.

पोपटनं लाट्या खाल्ल्या आणि झबलं सोडलं. काट्यावर महाराज ठेवले. काट्यानं दाखवलं ४९६.

पोपट हसला. "विहीणबाई, तुमचा काटा चार ग्राम मागं हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे तुम्ही पाचशे समजून पाचशे चार भरताव. दर पाकिटाला चार ग्राम लोकांना फुकट वाटताव! तरी म्हनलं ठाणेवाला एवढा गोड कसा बोलतो."

बायका हसल्या. विमलबाई हसल्या नाहीत. "माझ्या वजनाला आजवर कुनी नाव ठेवलं नाय, व्याही."

"आता तर कोन ठेवनारच नाय. मी आलोय ना!"

त्यानं बटण दाबून धरलं. आकडा लुकलुकला. त्यानं महाराज बसवले, पडद्यानं क्षणभर विचार केला आणि निमूटपणे ५०० दाखवले. "काटा स्वतःहून खोटं बोलत नाय, विहीणबाई. कोनतरी त्याला शिकवतं," असं सांगून पोपट संध्याकाळच्या गाडीनं रोह्याला परतला. करिश्मानं त्याला कोपऱ्यापर्यंत येऊन निरोप दिला. दोघंही खुशीत होती.

त्यानंतर भरलेली खोकी ठाण्याला गेली आणि तशीच परत आली. दुकानात एका गिऱ्हाइकानं पाकीट तोललं, ते कमी भरलं. मग दुकानदारानं सगळीच तोलली, सगळीच कमी. दुकानदार विमलबाईंवर फोनवर ओरडला नाही, हे जास्त वाईट. तो म्हणाला, "मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

गल्लीत बातमी पसरायला खोकी रिक्षातून उतरवण्याचाच काय तो अवकाश होता. विमलबाई वजन मारायला लागली, असं लोक आधी कुजबुजत म्हणाले. मग कुणीतरी त्याला गोंडस रूप दिलं. सून आली आणि वजन घटलं.

विमलबाई करिश्माला एक शब्द वाकडं बोलल्या नाहीत. त्यांनी तिला नावानं हाक मारणंच सोडून दिलं. जे बोलायचं ते त्या हातातल्या लाटण्याशी बोलायच्या. "काय रे बाबा लाटण्या, काहींच्या माहेरची मानसं राजे असतात म्हने."

करिश्माचा फोन आला तेव्हा पोपट दुकानात एका काट्यातून झुरळ काढत होता. लाटण्याचं ऐकून त्याला आधी हसू फुटलं.

"हसू नका, बाबा," करिश्मा म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "लोक म्हनतात सून आली नि वजन घटलं. मीच तो काटा आनला, मीच तुम्हाला बोलावलं. तुम्ही या. काय असंल ते शोधा, नि काय असंल ते खरं सांगा."

पोपटला एकदम वाईट वाटलं. लेकीच्या घरात लेकीला कुणी नावानं हाक मारत नाही, ही गोष्ट त्याला कुठल्याही काट्याच्या दुखण्यापेक्षा जास्त टोचली. त्यानं झुरळासकट काटा तसाच ठेवला आणि शटर ओढलं.

या खेपेला विमलबाईंनी लाट्या ठेवल्या नाहीत. पाणी ठेवलं. अंगणातल्या बायका लाटणं थांबवून बघत बसल्या. पोपटनं काटा घेतला आणि मुळापासून सुरुवात केली. पंखा बंद. मोबाइल सगळ्यांचे लांब. पाट घट्ट. सेल बदलले. ताटली उचलून झाडली, खाली काही नाही. स्क्रू काढून पोट उघडलं, आत मुंगी नाही, गंज नाही, तार सुटलेली नाही. परत बंद करून ताटलीच्या चारही कोपऱ्यांवर महाराज ठेवून बघितले. पाचशे. पाचशे. पाचशे. पाचशे. मधोमध ठेवले. पाचशे.

"काटा बरोबर हाय," पोपट म्हणाला. "ठाणेवाल्याचा खोटा."

"ठाणेवाल्याचा खोटा असंल," विमलबाई म्हणाल्या. "पन आमच्या गल्लीतल्या सोनारानं तोललं, त्याचापन खोटा का?"

प्रविण सोनार ओट्यावरच बसला होता. विमलबाईंनी त्याला बोलावूनच ठेवलं होतं. त्यानं मखमलीच्या डबीतून स्टीलचं अर्ध्या किलोचं वजन काढलं, कापडाच्या चिमटीत धरून, आणि काट्यावर ठेवलं. ५०४.

"तुजं वजन जास्त हाय," पोपट म्हणाला.

"काका, नवीन आहे. तपासून शिक्का मारलेलं."

"नवा माल सगळा असाच येतो! मी रोज बगतो ना. नवा काटा आना, नवं वजन आना, सगळं चार ग्रामनं चुकलेलं..." इथपर्यंत पोपट जोरात बोलला आणि पुढचं वाक्य त्याला सापडेना.

विमलबाईंनी ते शोधून दिलं. "म्हंजे दुनियेचा नवा माल खोटा, नि तुमचा एकट्याचा जुना खरा?"

त्या उठल्या आणि माळ्यावरून जुना तराजू घेऊन आल्या. ओट्याच्या वरच्या कडीला तो टांगला. एका पारड्यात महाराज, दुसऱ्यात सोनाराचं स्टील. इथं बटण नाही, पडदा नाही. स्टील खाली गेलं आणि महाराज वर उचलले गेले.

"महाराज चालले स्वर्गात," एक बाई म्हणाली आणि बाकीच्या पदरात तोंड घालून हसल्या.

पोपटनं पारड्यांतल्या वजनांची अदलाबदल केली. तराजूच तिरका असला तर असं केल्यावर खोट उघडी पडते, हे त्यानंच किती जणांना शिकवलं होतं. महाराज पुन्हा वर गेले. पोपटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आणि मग त्यानं ती गोष्ट केली जी केल्याबद्दल आजही त्याला धरून चांगलं हलवावं असं कुणालाही वाटेल. त्याला वाट सापडली. "हे माजे महाराज नायतच!" तो ओरडला. "बदललेत! माज्या महाराजांच्या बुडाला क हाय. करिश्मानं कोरलेला." त्यानं वजन उलटं केलं आणि सगळ्यांपुढे धरलं. बूड गुळगुळीत होतं, आरशासारखं. "बगा! क नाय! कुनीतरी बदललं!"

अंगणात कुणी हसलं नाही. गेल्या खेपेला महाराज झबल्याबाहेर आले होते ते याच घरात.

"म्हंजे आता आमच्या घरात चोरपन हाय," विमलबाई हळू आवाजात म्हणाल्या. लाटण्याशीसुद्धा नाही, नुसत्याच. करिश्मा दाराला टेकून उभी होती, ती आत निघून गेली. पोपटनं तिला हाक मारली, ती आली नाही.

परतीच्या गाडीत तो महाराजांना मांडीवर न घेता पिशवीत टाकून बसला. चोर कोण असेल याची यादी त्यानं मनात केली. गिरणीवाला, सुकटवाली, उस्तादाचा मुलगा. रोहा येईस्तोवर प्रत्येकाला फाशी देऊन झाली, पण समाधान होईना.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बायजाबाई न्हाणीघरापाशी देव घासायला बसल्या. पोपट तोंड पाडून शेजारी बसला होता. महाराज त्याच्या पुढ्यात होते, पण बदललेल्या महाराजांना चिंच लावायची की नाही, हा पेच त्याला सुटत नव्हता.

"अवो," बायजाबाई बाळकृष्ण उजेडात धरून म्हणाल्या, "ह्याला आता नाक नाय उरलं बगा. नवा आनाया हवा."

"नाक कुठं गेलं?"

"कुठं जानार? माज्या सासूनं दिला तवा कसं टोकदार व्हतं! हातात लोन्याचा गोळा व्हता, तोपन गेला." त्यांनी राखेत बोट बुडवून पुन्हा घासायला सुरुवात केली. "दर गुरुवारी थोडं थोडं जातं, पाण्याबरूबर."

पोपटनं बाळकृष्ण त्यांच्या हातातून घेतला. रांगतं बाळ, तोंडाच्या जागी नुसता गुळगुळीत गोटा. शेजारी अन्नपूर्णा, तिची पळी कधीच गेलेली. हे देव त्यानं रोज सकाळी हात जोडून पाहिले होते आणि एकदाही पाहिले नव्हते. त्यानं महाराज उचलले, अंगणात उन्हात नेले आणि बूड तिरपं धरून, एक डोळा मिटून, हळूहळू फिरवलं. उजेड एका विशिष्ट कोनात आला तेव्हा पितळेवर एक रेघ दिसली. मग दुसरी, वाकडी. केसाइतकी बारीक. क होता. चोर होता तो उन्हात एक डोळा मिटून उभा होता.

तो पायरीवर बसला. पोरीनं दाभणानं एवढा खोल कोरलेला क, ज्यापायी तिनं मार खाल्ला, तो त्यानं चिंच लावून लावून, लिंबानं, राखेनं, भक्तिभावानं पुसून टाकला होता. त्या क-सोबत चार ग्रामही गेले. आणि विमलबाईंच्या बिचाऱ्या काट्यानं पहिल्याच दिवशी त्याला तोंडावर खरं सांगितलं होतं, चारशे शहाण्णव. त्यानं त्याला बटण दाबून खोटं बोलायला शिकवलं. सुकटवालीच्या काट्याला शिकवलं, केकवालीच्याला शिकवलं, बचत गटाच्याला शिकवलं. रोह्याचा अख्खा अर्धा किलो त्यानं घासून घासून झिजवला होता, आणि सगळे एकत्रच झिजल्यामुळे कुणाला पत्ता लागला नव्हता.

"आता काय झालं?" बायजाबाईंनी विचारलं.

"नाक गेलं," पोपट म्हणाला आणि पायात चपला सरकवल्या.

पेणला पोचेपर्यंत त्यानं तीन वेगवेगळ्या थापा तयार केल्या होत्या. एक हवेच्या दाबाची होती आणि ती खरोखर चांगली होती. विमलबाईंना पटलीसुद्धा असती. पण दारात करिश्मा दिसली. डोळे सुजलेले. तिनं "या बाबा" म्हटलं आणि त्याच्याकडे न बघता पाणी आणायला वळली. पोपटच्या तिन्ही थापा तिथंच गळून पडल्या.

त्यानं ओट्यावर उभं राहून सगळं सांगितलं. चिंच, राख, नाक, क. बायकांनी लाटणी थांबवली. शेवटी त्यानं हात जोडले. "विहीणबाई, तुमचा काटा खरा व्हता. तुमचं वजन खरं व्हतं. मी येऊन बिगडवलं, नि वर काल तुमच्या घराला चोर म्हनलं."

विमलबाईंनी प्रविण सोनाराकडून स्टीलचं वजन मागवलं. काटा करिश्मानं सेट केला. पोपट दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता, कारण हात मोकळे राहिले असते तर त्यांनी बटण दाबलं असतं. परत आलेलं एक पाकीट काट्यावर ठेवलं. ४९६.

विमलबाईंनी ठाण्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "शेठ, खोट सापडली. काट्याच्या सेटिंगमधे गडबड व्हती. आमचे व्याही मुद्दाम रोह्यावरनं आले, त्यांनी शोधून काढली. फार जानकार मानूस."

पोपट थक्क झाला. या बाईनं त्याची अब्रू झाकली होती, आणि तीही सगळ्यांसमोर. त्याची छाती सवयीनं दोन बोटं फुगलीसुद्धा. तेवढ्यात त्याची नजर करिश्माकडे गेली. ती आतल्या दाराजवळ भिंतीला टेकून उभी होती आणि या वेळी ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"द्या इकडं," म्हणत त्यानं फोन जवळजवळ हिसकावला. "शेठ, शोधली मीच, पन केलीपन मीच. माजं वजन झिजलेलं, नि त्या वजनानं मी यांचा चांगला काटा बिगडवला. या घरात कुनाचा दोष नाय. सुनेचा तर अजिबात नाय, ती माजी पोर हाय, तिनं इश्वासानं बापाला बोलावलं. कोन काय बोललं तर माजं नाव सांगा. पोपट, रोह्याचा, काटेवाला. रोह्यातपन मी दुकानोदुकानी जाऊन हेच सांगनार हाय."

शेठ म्हणाला, "बरं. मग पाकिटांचं काय करता, मावशी?"

"दर पाकिटात एक पापड वाढवून धाडते," विमलबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"अख्खा पापड?" पोपट न राहवून म्हणाला. "विहीणबाई, चार ग्रामला अख्खा पापड म्हंजे उलटा पाच-सहा ग्राम जास्त..."

विमलबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचे ग्राम त्यानं गिळले. अंगणातल्या बायका इतक्या हसल्या की एकीच्या पोळपाटावरची लाटी घरंगळून खाली गेली. हसत नव्हत्या फक्त विमलबाई. त्यांनी हातातलं लाटणं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि आतल्या दाराकडे मान वळवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"करिश्मा! अगो करिश्मा, बाबांना पाट दे नि एक लाटनं दे. एवढे पापड काय महाराज लाटनार?"

करिश्मा लाटणं आणायला धावली.